जुनी पॉइंट टू टू आणि तीन डब्या : पाच-पाच राउंडच्या ग्रुपवर विश्वास ठेवू का?

मायक्रॉन_मोजणारा

मंडळी, आधी थोडी पार्श्वभूमी, मग प्रश्न. लांब झालं तर सांभाळून घ्या.

चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीत आहे, बावीस वर्षं. घर सिंहगड रोडला, नोकरी चाकणला आणि नेमबाजीची रेंज बालेवाडीला, म्हणजे ट्रॅफिकचा जो काही अनुभव पुण्यात घेता येतो तो सगळा घेऊन झालाय. लेकीला एअर रायफल शिकवायला म्हणून बालेवाडीला न्यायला लागलो आणि स्वतःच अडकलो. तिने दहावीच्या वर्षी सोडलं. मी अजून जातोय.

गेल्या पावसाळ्यात सांगलीकडच्या एका ज्येष्ठ नेमबाजांकडून जुनी अँशुट्झ १९०७ रायफल घेतली. पॉइंट टू टू म्हणजे ०.२२ इंची नळीची, बोल्ट अ‍ॅक्शन, एकेक राउंड (काडतूस) हाताने भरायचा. त्यांनी पोलीस ठाण्याला लेखी कळवणं, मग कायद्याचे ४५ दिवस थांबणं, माझ्या परवान्यावर नोंद, हे सगळं रीतसर झालं. त्यावर वेगळा धागा होईल, इथे नको. लाकडी स्टॉक आहे, चीकपीसवर काकांच्या गालाच्या घामाचा काळपट डाग. तो मी घासून काढलेला नाही, काढणारही नाही. रायफलबरोबर त्यांनी एक पिवळी पडलेली डायरीही दिली, पण अक्षर असं की दोन पानांत हात टेकले.

आता प्रश्न. तीन प्रकारचं अ‍ॅम्युनिशन आणलं. नावं देत नाही, कारण नावं दिली की पन्नास प्रतिसाद येतात आणि त्यातले पंचेचाळीस 'माझ्याकडे तर मस्त चालतं' असे असतात. अ म्हणजे महागडं मॅच ग्रेड, ब मधलं, क सरावाचं स्वस्त. तिन्ही ४० ग्रेन वजनाच्या गोळीची, तिन्ही ध्वनीपेक्षा हळू जाणारी.

आदल्या रात्री बॅरल लख्ख साफ केली. रविवारी सकाळी साडेसातला ५० मीटरवर झोपून, पुढे पिशवी (जुन्या जीनच्या पायात तांदूळ भरून शिवलेली), कागदी टार्गेट. आधी अ चे पाच, मग ब चे पाच, मग क चे पाच. पाच भोकं किती पसरली तो ग्रुप, जितका लहान तितका चांगला :

अ : २१.४ मिमी
ब : १२.१ मिमी
क : १८.३ मिमी

मोजलं असं : सगळ्यात लांबच्या दोन भोकांचं बाहेरून बाहेर अंतर, त्यातून एका सुट्या भोकाचा व्यास वजा. गोळीचा ५.६ वजा करू नका. कागद फाटून थोडा परत मिटतो, त्यामुळे भोक गोळीपेक्षा लहान दिसतं. ५.६ धरलात तर ग्रुप फुकटात लहान होतो.

ब एवढं सरस दिसतंय, तर वर्षाचा सगळा कोटा ब मध्येच घालू का? परवान्यावर आकडा ठरलेला असतो, चुकीचं घेतलं तर वर्षभर तेच मारत बसायचं. आणि महाग अ ने असा दगा का द्यावा?

---

चिमणीबंदूक

तांदूळ कोणता? आंबेमोहोर असेल तर ग्रुपला वास चांगला येईल.

---

मायक्रॉन_मोजणारा

रेशनचा. बायकोने बजावलंय की काहीही झालं तरी तो परत डब्यात ओतायचा नाही.

---

पन्नासमीटर

दादा, एक डबीही घेऊ नका अजून.

रागावू नका, पण तुमच्या कारखान्यात पाच नग मोजून लॉट पास करता का? इथे तेच केलंय तुम्ही. मी नऊ वर्षं प्रोन (पालथं झोपून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) मारते. ज्या डबीने सकाळी १० मिमीचा ग्रुप दिला तिनेच चहानंतर १९ चा दिलाय. दोन्ही वेळा रायफल तीच, मुलगी तीच.

पण त्याहून मोठी चूक क्रमात आहे. लख्ख बॅरलमधून पहिले पाच राउंड अ ला दिलेत. पॉइंट टू टूच्या गोळीवर मेण किंवा ग्रीससारखं वंगण असतं, त्याचा एकसारखा थर नळीत बसेपर्यंत गोळ्या भटकतात. प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं, म्हणून प्रकार बदलला की पुन्हा तेच. मी बदलल्यावर किमान पंधरा राउंड मातीत घालते, त्यानंतरचे मोजते. तुम्ही अ ला कोरी नळी दिलीत, ब ला अ ने माखलेली आणि क ला दोघांची खिचडी. यात दगा अ ने कुठे दिला?

वाऱ्याबद्दल एक अक्षर नाही तुमच्या पोस्टमध्ये. सेकंदाला एक मीटर आडवा वारा म्हणजे चेहऱ्याला जेमतेम कळेल एवढा. तो ५० मीटरवर ही गोळी साधारण ५ मिमी सरकवतो. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळच १०.४ मिमी व्यासाचं आहे. साडेसातला तुम्हाला वारा नाही असं वाटतं, पण टार्गेटजवळ असतो. झेंडे लावा. काही नाही तर काठीला लोकर बांधा.

आणि "ब चांगलं" असं काही नसतं. ब चा तो लॉट (एका वेळी बनलेला माल) चांगला असतो. एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये एकाच रायफलला एवढा फरक पडतो की वरच्या पातळीवरचे लोक आपली रायफल घेऊन कंपनीच्या टेस्ट रेंजवर जातात, वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि एक ठरला की त्याचाच साठा उचलतात. एली टेनेक्सच्या डबीवर लॉट नंबरसोबत वेगही छापलेला असतो, फूट प्रति सेकंदात. दुसऱ्याचा लकी आकडा तुमच्या नळीला लागू पडेलच असं नाही, त्यामुळे लोकांना विचारून उपयोग नाही.

एवढा आटापिटा कशाला, असं वाटेल. दशांश गुण मोजतात तेव्हा ५० मीटरवर एक दशांश म्हणजे केंद्रापासून ०.८ मिमीचा फरक. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या स्वप्नील कुसाळेचं ब्राँझ ४५१.४ वर आलं. त्या शेवटच्या पाच-सहा शॉट्सना आम्ही सगळ्या टीव्हीसमोर उभ्या होतो, बसवत नव्हतं. ०.८ मिमी काय चीज आहे ते तेव्हा घरच्यांनाही कळलं.

---

सुभेदार_फलटण

जय हिंद साहेब. फौजेत २८ वर्षं, त्यातली शेवटची साडेतीन एनसीसी बटालियनवर.

पोरांना आम्ही पॉइंट टू टू डिलक्स रायफलवर २५ यार्डांवर पाच राउंडचं ग्रुपिंग घेतो. पाच कशासाठी? राउंड मोजके असतात आणि पोरं दोनशे असतात. त्या पाचांत आम्ही पोरगं बघतो. श्वास धरतं का, ट्रिगर ओढतं का दाबतं, डोळा मिटतं का. रायफल कशी आहे ते त्या पाचांत बघत नाही. तुम्ही उलटं करताय.

ग्रुपिंग आधी, झिरोइंग (साइट फिरवून ग्रुप मध्यावर आणणं) नंतर. ग्रुप कुठे पडला याचं टेन्शन आता घेऊ नका, एका जागी पडतोय का ते बघा. साइटला हात लावू नका टेस्ट संपेपर्यंत.

दुसरं. जुनी रायफल घेतली की आधी अंगावरून हात फिरवायचा. सगळे स्क्रू बघा. फोरसाइट (पुढची माशी) हलते का, बॅकसाइटला ढिलाई आहे का, स्लिंगची (पट्ट्याची) कडी घट्ट आहे का. आमच्याकडे एक रायफल तीन वर्षं "खराब" म्हणून बाजूला ठेवली होती. शेवटी आर्मररने स्क्रू आवळले, दुसऱ्या दिवशी एका कॅडेटने तिच्यावर कॅम्पातलं पहिलं बक्षीस मारलं.

---

कोथरूड_ते_ओहायो

मस्त धागा. मी तुमच्या उलट टोकाला आहे. इथे मागच्या वर्षी जुनी रुगर १०/२२ कार्बाइन घेतली, सेमी-ऑटो. १९६४ पासून निघणारं मॉडेल, साडेअठरा इंची नळी, दहा राउंडचं फिरतं मॅगझिन. आमच्याकडे दुकानात सात-आठ प्रकारचं अ‍ॅम्युनिशन एकाच फळीवर मिळतं, त्यामुळे मीही हाच उद्योग केला. सेमी-ऑटोत काही भानगडी जास्तीच्या असतात, त्या सांगतो, गंमत म्हणून वाचा.

पहिला राउंड आपण बोल्ट हाताने सोडून भरतो, पुढचे नऊ यंत्र स्वतः भरतं. माझ्याकडे पहिली गोळी बऱ्याचदा बाकीच्यांपासून वेगळी पडते, कारण ती चेंबरमध्ये बसतेच वेगळ्या जोराने. दोन महिने मी त्याला "नळी थंड आहे" म्हणत होतो. पॉइंट टू टूची नळी दहा राउंडांत कुठली तापतेय! आता पहिला राउंड वेगळ्या टार्गेटवर मारतो आणि उरलेले नऊ मोजतो.

सगळ्यात हळू आणि सगळ्यात नेमकं मॅच अ‍ॅम्युनिशन घातलं तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही, रिकामी केस अडकते. म्हणजे कागदावर जे सरस ते यंत्राला पचत नाही. जलद गोळ्या (सेकंदाला १२०० फुटांच्या वरच्या) बोल्ट झकास चालवतात, पण त्या ध्वनीपेक्षा जलद निघतात आणि वाटेत हवेने हळू होऊन ध्वनीच्या वेगातून खाली येतात. त्या टप्प्यावर गोळी डळमळते. ५० मीटरवर फारसं नाही, १०० वर ग्रुप विस्कटतो. शेवटी मी साधारण १०७० फुटांच्या स्टँडर्ड व्हेलॉसिटीवर स्थिरावलो. माझा बोल्ट ते चालवतो आणि गोळी सुरुवातीपासूनच ध्वनीच्या खाली.

यावरून आठवलं, तुम्ही पुण्याच्या जानेवारीत टेस्ट करताय. सकाळी १२ अंशांना ध्वनीचा वेग साधारण ३३८ मीटर प्रति सेकंद, एप्रिलच्या दुपारी ३८ ला ३५४. गारठ्यात ध्वनीची रेघ खाली येते, आणि वरच्या अंगाचं स्टँडर्ड अ‍ॅम्युनिशन तिच्या जवळ जातं. शिवाय थंडीत वंगण घट्ट असतं. एप्रिलमध्ये परत एकदा मारून बघा.

जुन्या रायफलीचं म्हणाल तर माझ्या रायफलीच्या आधीच्या मालकाने बॅरल बँडचा स्क्रू इतका आवळला होता की नळी एका बाजूला ताणली गेली होती. सैल केला आणि ग्रुप जवळपास निम्म्यावर आला. सुभेदारसाहेबांशी शंभर टक्के सहमत.

अवांतर : बालेवाडीला अजून गेटबाहेर वडापाव मिळतो का?

---

मायक्रॉन_मोजणारा

मिळतो.

पन्नासमीटर, पाच नगांवरून लॉट पास करणाऱ्या माणसाला मी खरंच केबिनमध्ये बोलावतो. आज स्वतःलाच बोलावलं. तीन आठवडे द्या.

---

मायक्रॉन_मोजणारा

(तीन आठवड्यांनी)

आलो परत. आकडे आहेत, आणि एक लाजिरवाणी गोष्टही. ती आधी.

सुभेदारसाहेबांचं वाचून रायफल ओट्यावर घेतली. (घरात ओटा हीच एक सपाट, उजेडाची जागा आहे. त्या दिवशी पोळ्या उशिरा झाल्या.) पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू (नळीचा भाग स्टॉकला धरणारा) हातातल्या ऍलन कीला जवळपास पाव फेरा विनाविरोध फिरला. स्टॉकचं लाकूड पावसाळ्यात फुगलेलं, तेव्हा घट्ट होता. थंडीत लाकूड सुकलं, आकसलं, आणि स्क्रू आपोआप सैल. म्हणजे पहिल्या दिवशी प्रत्येक शॉटला अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये हलत होती आणि मी दोष डबीला देत होतो.

मग डायरी पुन्हा उघडली, भिंग घेऊन. चौथ्या पानावर काकांनी लिहिलंय : "दसऱ्यानंतर दोन्ही स्क्रू बघणे. लाकूड." खाली दोन रेघा मारलेल्या. त्यांना फोन केला तर म्हणाले, "अहो, म्हणून तर डायरी दिली." दोन पानांत हात टेकले असं मी वर लिहिलंय, ते त्यांनी वाचू नये एवढीच इच्छा.

आता टॉर्क रेंचने दोन्ही स्क्रू सारखे आवळलेत आणि पट्टी लावून खूण केलीय.

टेस्ट अशी केली. तीन रविवार, काठ्यांना लोकर बांधून. लोकर हलली की थांबायचं, त्यामुळे एकदा तेवीस मिनिटं नुसता पालथा पडून होतो, शेजारच्या लेनवरच्या मुलीला वाटलं मला झोप लागली. प्रत्येक प्रकार बदलल्यावर पंधरा राउंड आधी मारून टाकले. क्रम पहिल्या रविवारी अ-ब-क, दुसऱ्या रविवारी क-अ-ब, तिसऱ्याला ब-क-अ, म्हणजे वाढत्या उन्हाचा आणि माझ्या थकलेल्या मानेचा फायदा-तोटा कुणा एकाला नको. प्रत्येकी चाळीस राउंड, पाच-पाच एका टार्गेटवर. एकही शॉट गाळला नाही. "हा माझाच हात हलला, हा नको धरायला" असं एकदा सुरू केलं की आकडा हवा तसा येतो. ते मी सप्लायरकडच्या रिपोर्टांत रोज बघतो.

या वेळी लांबच्या दोन भोकांचं अंतर मुख्य धरलं नाही. त्यात पाच गोळ्या मारून फक्त दोन बोलतात, तीन फुकट जातात. ग्राफ पेपरवर प्रत्येक ग्रुपचा मध्य काढला आणि प्रत्येक भोकाचं मध्यापासूनचं अंतर घेऊन त्यांची सरासरी काढली.

अ : ४.९ मिमी
ब : ५.३ मिमी
क : ७.१ मिमी

आता पाच-पाचचे आठ ग्रुप जुन्या पद्धतीनेही मोजून बघितले, आणि इथे मला खरा घाम फुटला. अ चे ८.७ पासून १६.१ पर्यंत. ब चे ९.६ पासून १७.४. क चे १२.३ पासून २३. म्हणजे क चा सगळ्यात भाग्यवान ग्रुप पहिल्या दिवशीच्या ब च्या १२.१ च्या शेजारी बसतो. त्या एका कागदावर मी वर्षाचा कोटा लावणार होतो.

अ आणि ब मधला ०.४ चा फरक चाळीस राउंडांवर मी फरक मानायला तयार नाही. पुन्हा चाळीस मारले तर उलटाही होईल. क मात्र खरोखर मागे आहे, त्यात शंका नाही.

मग पिशवी काढली, स्लिंग लावली आणि प्रोनमध्ये साठ-साठ राउंड मारले, मॅचसारखे. ब ने सहाशेपैकी ५७८. क ने ५७६.

दोन गुण. म्हणजे डबीपेक्षा मीच जास्त हलतो.

तेव्हा ठरवलंय : सरावाला क, मॅचला ब चा हाच लॉट, आणि अ ला नमस्कार.

---

सुभेदार_फलटण

शाब्बास. हात फिरवला म्हणून सापडलं. आता घरी ड्राय प्रॅक्टिस (गोळीविना सराव) करा रोज वीस मिनिटं, पण नुसता रिकामा ट्रिगर ओढू नका. काही पॉइंट टू टू रायफलींची फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटू शकते आणि कड खराब होते. स्नॅप कॅप (डमी काडतूस) घाला. ५७८ चे ५८५ डबीने होत नाहीत, त्याला ही वीस मिनिटं लागतात.

---

पन्नासमीटर

टेस्ट झकास. निष्कर्षाशी मात्र भांडणार.

सरावाला क नको, दादा. सरावात नऊ गेला की तुम्हाला कळायला हवं तो कुणामुळे गेला. तुमचाच आकडा आहे, क च्या गोळ्या पिशवीवरूनसुद्धा सरासरी ७ मिमी भटकतात, आणि गोळीची कड टेकली तरी दहा धरलात तरी भोकाचा मध्य ८ मिमीच्या आतच हवा. म्हणजे तुम्ही सगळं बरोबर केलंत तरी बऱ्याचदा नऊ जाणार, आणि एखादी चूक केलीत तरी नशिबाने दहा येणार. मग शिकणार कशावरून? मी वर्षभर स्वस्त मारून माझा ट्रिगर बिघडवून घेतलाय. प्रत्येक नऊला "डबी" म्हणायची सवय लागली, आणि मॅचमध्ये चांगली डबी घेऊनही तोंडातून तेच यायचं.

राउंड कमी मारा, पण ब मारा.

---

मायक्रॉन_मोजणारा

खिसा म्हणतो क, तुम्ही म्हणता ब. हे पटतंय आणि पटत नाहीये, कारण साठ राउंडांत दोनच गुणांचा फरक मीच वर लिहून बसलोय. पण साठ राउंड म्हणजे एकच मॅच, आणि एका मॅचवरून ठरवायचं नाही हे या धाग्यावर मला पुरेसं ऐकवून झालंय. महिनाभर आलटून पालटून मारतो. एक रविवार ब, एक रविवार क. प्रत्येक शॉटनंतर स्कोप बघायच्या आधीच कुठे गेला असेल ते डायरीत लिहितो. बघू कोणत्या रविवारी माझा अंदाज जास्त खरा ठरतो.

डायरी काकांचीच वापरतोय. मागची पानं कोरी होती.

---

चिमणीबंदूक

आणि तांदळाचं काय झालं?

---

मायक्रॉन_मोजणारा

पिशवी उसवली तिसऱ्या रविवारी. बालेवाडीची कबुतरं खूश आहेत. आता वाळू भरलीय.

कॅम्पातल्या दुकानात ब च्या त्याच लॉटच्या सहा डब्या उरल्यात असं फोनवर कळलं. लॉट नंबर त्यांना दोनदा वाचून दाखवायला लावला, तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "साहेब, सगळ्या सारख्याच असतात." शनिवारी परवाना घेऊन जातोय.